पोफळीचे मामा सियांगच्या काठी

माझे मामा एकतीस वर्षं कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या वीजघरात होते. ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे. त्यामुळे नोकरीतले अर्धे दिवस ऊन न बघता गेले, असं ते सांगतात, आणि तक्रारीच्या सुरात नाही, अभिमानाने सांगतात. माझ्या वडिलांचं गाव त्याच कोयनेच्या पाण्याखाली आहे. ‘आपल्या घरात उजेड आईकडचा आणि अंधार वडिलांकडचा,’ असं माझा चुलतभाऊ दर लग्नात म्हणतो. मामाही हसतात.

हे मामा २०२५ च्या जुलैत टीव्हीसमोर बसले होते. तिबेटात चीनने यारलुंग त्सांगपोवर ६० हजार मेगावॉटच्या प्रकल्पाचं काम सुरू केल्याची बातमी चालू होती. हीच नदी खाली अरुणाचलात येऊन सियांग होते, आणि तिथे आपलं सरकारही एक धरण बांधू पाहतंय: सियांग अप्पर, ११ हजार मेगावॉटहून जास्त. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला. कोयनेचे चारही टप्पे मिळून १,९६०. “पाच कोयना, आणि वर थोडी उरतेच,” ते म्हणाले. “बांधायच्या आधी जागा बघून येऊ या.”

मला संत्री खायची होती आणि झुलते पूल बघायचे होते. म्हणून आम्ही नोव्हेंबरात निघालो. मामींनी यायला साफ नकार दिला. “धरणापायी आयुष्यभर घाटाखाली राहिले, आता नसलेलं धरण बघायला कशाला येऊ?”

पहिला दिवस: दिब्रुगड ते पासीघाट

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. दिब्रुगडहून गाडी केली आणि ब्रह्मपुत्रेवरच्या बोगीबील पुलावर चढलो. २०१८ मध्ये सुरू झालेला हा पूल जवळपास पाच किलोमीटर लांब आहे. खालून रेल्वे, वरून रस्ता. पूल संपेस्तोवर मामा खांब मोजत होते, मध्येच ड्रायव्हरने काहीतरी विचारलं आणि त्यांची मोजणी चुकली. त्याचा राग त्यांनी जेवणापर्यंत धरला.

रुक्सीनला अरुणाचलची हद्द लागते. तिथे परमिट बघतात.

परमिटबद्दल: इनर लाइन परमिट ऑनलाइन निघतं. घरूनच काढा आणि दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवा. फोनमधलं दाखवता येतं, पण नाक्यावर रेंज असेलच असं नाही. परमिटावर जिल्हे लिहावे लागतात. आपण जाणार त्या प्रत्येक जिल्ह्याचं नाव घाला: ईस्ट सियांग, सियांग, अप्पर सियांग. बाहेरून सगळं एकच खोरं दिसतं, सरकारदरबारी तीन जिल्हे आहेत.

पासीघाटला पोचलो तेव्हा पाच वाजले होते आणि मिट्ट काळोख होता. नोव्हेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मामांचं घड्याळ एक सांगत होतं आणि पोट दुसरंच. सहाला जेवलो, साडेसातला झोपलो, आणि पहाटे पाचला उजाडता उजाडता उठलो. पुढचे सहाही दिवस हेच वेळापत्रक राहिलं.

दुसरा दिवस: पासीघाट

पासीघाट १९११ साली वसलं, अरुणाचलातलं सगळ्यात जुनं शहर. डोंगरातून धडाधड येणारी सियांग इथे सपाटीवर उतरते आणि एकदम ऐसपैस होते. हिवाळ्यात पाणी हिरवट निळं असतं. काठावर पांढरे गोटे पसरलेले, कोहळ्याएवढ्यापासून पेरूएवढ्यापर्यंत. आणखी खाली दिबांग आणि लोहित तिला येऊन मिळतात, मग तिला ब्रह्मपुत्रा म्हणतात.

मामा पाण्यात हात घालून उभे राहिले. मला वाटलं नमस्कार करतायत. ते वेग बघत होते.

पासीघाटच्या खाली नदीच्या बेटांवर डेइंग एरिंग अभयारण्य आहे. थंडीत तिथे लांबून पाहुणे पक्षी येतात. होडीवाल्याने आम्हाला एका बेटाच्या कडेला उतरवलं. गवत पुरुषभर उंच, वाळूत कुठल्यातरी जनावराची खुरं उठलेली. होडीवाला म्हणाला, वरचं धरण झालं तर ही बेटं राहतील की नाही कोण जाणे. मी मामांकडे बघितलं. मला वाटलं ते म्हणणार, काही होत नाही.

ते वाळूत बसले आणि त्यांनी मला कोयना समजावून सांगितली. ती मी जन्मात पहिल्यांदा नीट ऐकली.

कोयना दिवसभर एकसारखी चालत नाही. संध्याकाळी राज्यभर दिवे लागले की कळव्याहून लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याची वीज कुठून किती घ्यायची ते ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा, ‘मशीन लोडवर घ्या.’ काही मिनिटांत मशीन फिरायला लागायचं. रात्री मागणी उतरली की बंद. कोळशाच्या वीजघराला हे जमत नाही, म्हणून तर जलविद्युतला किंमत. “आणि मशीन फिरलं की अवजल सुटायचं, म्हणजे वीज करून झालेलं पाणी,” मामा म्हणाले. “चिपळूणला वाशिष्ठी आमच्या तालावर चढायची-उतरायची. तिथल्या लोकांना भरती-ओहोटी दोन प्रकारच्या माहीत आहेत, एक समुद्राची आणि एक आमची.”

मग बेटाकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे पक्ष्यांनी अंडी घातली आणि संध्याकाळी सहाला दिल्लीत दिवे लागले, तर?”

होडीवाल्याला मराठी कळत नव्हतं. त्याने विचारलं, “अंकल क्या बोला?” मी म्हटलं, सोचके बताएँगे.

खाण्याबद्दल: बाजारात आसामी थाळी सहज मिळते. पण आदी लोकांचं, म्हणजे इथल्या मूळच्या जमातीचं, जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. एक्कामच्या पानात बांधलेला वाफाळता भात, उकडलेला पाला, आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा असतो तसला प्रकार. तेल जवळजवळ नाहीच. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, फक्त ‘डुकराचं नको’ एवढं आधी सांगावं लागतं. आंबवलेल्या बांबूच्या कोंबाला इकुंग म्हणतात. त्याच्या वासाने मी मागे सरकले, मामा मात्र पुढे सरसावले. “अगं, वास्त्याची भाजीच ही, जरा उतरलेली!”

तिसरा दिवस: पासीघाट ते बोलेंग

सुमो पहाटे साडेपाचला सुटते. जागा आदल्या दिवशी दुपारीच काउंटरवर जाऊन धरायची. मधली ओळ मागून घ्या. मागची ओळ पाठीच्या मणक्यांसाठी नाही.

तासाभराने डोंगर अंगावर आले आणि सियांग खोल खाली गेली. मध्ये एका ठिकाणी दरड आली होती. जेसीबी येईपर्यंत दीड तास थांबलो. थांबलेल्या सगळ्यांनी रस्त्यातच संत्री सोलली. चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या होत्या, त्यांना इथे डिमडाम म्हणतात. हाताला टिंबाएवढा रक्ताचा ठिपका राहतो आणि दोन दिवस खाज. मामा म्हणाले, “घ्या, इथे माशीच्या नावातसुद्धा डॅम.” (लांब बाह्यांचे कपडे न्या. ओडोमॉसला ही माशी जुमानत नाही.)

ड्रायव्हरने जून २००० ची गोष्ट सांगितली. तो तेव्हा शाळेत होता. वर तिबेटात डोंगर कोसळून यिगाँग नदी अडली होती, मागे तळं साचलं, आणि जूनमध्ये ते फुटलं. इथे पाऊस नव्हता, ढग नव्हते. तरी नदी एका रात्रीत उभी राहिली. झुलते पूल गेले, माणसं गेली. “तब से हम लोग नदी का आवाज सुनके सोता है,” तो म्हणाला. अरुणाचलचं हिंदी हे असं आहे, सगळ्यांना सरसकट पुल्लिंगी एकवचनी. दोन दिवसांत कानाला गोड वाटायला लागतं.

म्हणूनच सरकारचं म्हणणं इथल्या माणसाला एकदम परकं वाटत नाही. चीनचं धरण हा ‘वॉटर बॉम्ब’ आहे, असं मुख्यमंत्री पेमा खांडू म्हणाले आहेत. वरून अचानक पाणी सोडलं किंवा हिवाळ्यात तोडलं तर आपल्याकडे साठा हवा, हा मुद्दा. सियांग अप्परचं काम एनएचपीसी या केंद्र सरकारच्या जलविद्युत कंपनीकडे आहे. जागेसाठी तीन नावं चर्चेत आहेत: उगेंग, डिते डिमे आणि पारोंग. यांतली कुठली जागा योग्य, ते ठरवायला आधी पूर्वव्यवहार्यता अहवाल हवा, त्यासाठी खडकात भोकं पाडून नमुने काढायला हवेत. आणि गाडी नेमकी तिथेच अडलेली आहे.

पांगिनला सियोम नदी सियांगला मिळते. सुमो चहाला थांबली. संगमाचं पाणी दोन रंगांचं, बराच वेळ एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी चालतं. मी फोटो काढत होते. मामा काय करत होते ते माझ्या लक्षात आलं नाही.

ते पुलाच्या कठड्याशी उभे राहून वाहत्या पानाकडे बघत सेकंद मोजत होते. पान अमुक दगडापासून तमुक दगडापर्यंत किती वेळात जातं, त्यावरून वेग. मग दुर्बीण काढली, पलीकडचा काठ बघितला आणि वहीत आकडा लिहिला.

दोन तरुण पोरं आली. आवाज चढवला नाही, हसलीही नाहीत.

“आप लोग सर्वे वाला है?”

मामा म्हणाले, “नहीं नहीं, रिटायर्ड!”

हे उत्तर पुरेसं नव्हतं. एकाने वहीकडे हात केला. मामांनी वही देऊन टाकली. त्याने पानं उलटली. पहिल्या पानापासून मामांच्या साखरेची नोंद होती: उपाशीपोटी १३२, जेवणानंतर १९८. मग गोळ्यांच्या वेळा. मग पेट्रोल, चहा, सुमोचं भाडं. शेवटच्या पानावर नदीचा वेग. पोराने ते साखरेचं पान दुसऱ्याला दाखवलं आणि दोघांना हसू फुटलं. “हमारा आबू को भी शुगर है.” वही परत मिळाली. नदीचं पान मामांनी आपणहून फाडून त्यांच्या हातात ठेवलं.

एक सूचना, जी मला कुठल्याच प्रवासवर्णनात वाचायला मिळाली नव्हती: ड्रोन नेऊ नका. टेप, दुर्बीण, जीपीएसवालं काहीही गावाजवळ बाहेर काढायचं तर आधी विचारा. घरांचे फोटो काढतानाही विचारा. इथल्या माणसाला तुमचा संशय आला तर त्याला कारण आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वेक्षणासाठी सशस्त्र दलं आली, तेव्हा बेगिंगला शेकडो गावकरी, त्यात बाया पुढे, रस्त्यावर उतरले होते.

बोलेंगला जाईपर्यंत मामा गप्प होते. भिंतींवर ‘नो डॅम’ रंगवलेलं होतं, आणि एका ठिकाणी त्याखाली वेगळ्या रंगात ‘नो सर्वे’.

चौथा आणि पाचवा दिवस: एका गावात

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी राहिलो त्यांनीच तसं सुचवलं. गावात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, उगीच कुणाच्या नावावर काही नको.

घर लाकडी खांबांवर उभं, खाली डुकरं आणि कोंबड्या. छप्पर टोकोच्या पानांचं, ताडासारखं झाड असतं ते. जमीन बांबूच्या पट्ट्यांची, चालताना दबते आणि कुरकुरते. आत मधोमध चूल, तिच्यावर टांगलेली तीन मजली शिंकाळी. सगळ्यात वर भात वाळतोय, मधल्यावर मांस, खालच्यावर मिरच्या. सगळं घर या चुलीभोवती बसतं, झोपतं, भांडतं. धुराने माझे डोळे चुरचुरले. मामा म्हणाले, आजोळची आठवण आली.

घरमालकीण पंचावन्न-साठीची. सगळे तिला आने म्हणत होते. आने म्हणजे आई. नदीलाही इथे आने सियांग म्हणतात. तिच्या कमरेला माग बांधलेला होता, गाले विणत होती, म्हणजे इथल्या बायका नेसतात ते वस्त्र. बोलताना धोटा थांबायचा नाही. मे महिन्यात तीही बेगिंगला जाऊन बसली होती.

तिचा भाचा शेजारीच राहतो. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, नोकरी नाही. त्याला प्रकल्प हवाय. रस्ता होईल, दवाखाना होईल, काम मिळेल. “बीमार हुआ तो पासीघाट जाते-जाते आदमी मर जाता है,” तो म्हणाला. दरडीपाशी दीड तास बसून आल्यावर मला यावर काही बोलता येईना. या खोऱ्यातल्या काही गावांनी सर्वेक्षणाला लेखी होकारही दिलाय. तो म्हणाला, ते काही विकले गेलेले नाहीत, त्यांना पण पोरंबाळं आहेत. आने त्याला अपाँग वाढत वाढत त्याच्याशी भांडत होती. (तांदळाची ही घरगुती दारू. काळी अपाँग जाळलेल्या तुसाच्या राखेतून गाळतात, चव किंचित धुरकट. पीत नसाल तर भांडं ओठाला लावून खाली ठेवायचं, एवढ्याने मान राहतो.)

रात्री चुलीपाशी मामांनी विषय काढलाच. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि मला वाटतं कुठल्याही इंजिनियरचं हेच असेल. “सर्वे म्हणजे धरण नाही. खडक कसा आहे, भूकंपाचं काय, पाणी किती, हे कळल्याशिवाय बांधू नये असं तरी कसं ठरवणार? सर्वेतून ‘इथे नको’ असंही निघू शकतं.” मी हिंदीत सांगितलं.

आनेने धोटा थांबवला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

“डॉक्टर सुई लगाने आता है तो साथ में सिपाही लाता है क्या?”

भाचासुद्धा हसला. मग ती म्हणाली की सुई टोचून घ्यायची की नाही हे केबांगमध्ये ठरतं. केबांग म्हणजे गावाची बैठक. सगळे बोलतात, दिवसदिवसभर बोलतात, आणि ठरतं ते सगळ्यांचं असतं. इथे ठरवणारे आधीच ठरवून आले. “जिसको डैम नहीं बनाना, वो इतना पैसा खर्चा करके छेद काहे को करेगा?”

मला मुळशी आठवली. १९२१ ची रामनवमी, सेनापती बापट, मावळ्यांचा सत्याग्रह, हे शाळेत एका परिच्छेदात उरकतं. त्याआधीची गोष्ट त्या परिच्छेदात नसते: धरण बांधणाऱ्या टाटा कंपनीने जमीन ताब्यात येण्याआधीच शेतात चाचणीचे चर खणायला घेतले होते, आणि भडका तिथून उडाला. धरणाची भिंत नंतर आली. शेतकऱ्याला धरण पहिल्यांदा दिसलं ते त्याच्या भाताच्या खाचरात खणलेल्या एका चराच्या रूपात. शंभर वर्षांनी, अडीच हजार किलोमीटरवर, एका बाईला ते खडकातल्या भोकात दिसतंय. मामांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तेव्हाची गोष्ट वेगळी.” पण जोर नव्हता.

सकाळी आनेने शेत दाखवलं. नदीला लागून पाण्याच्या भाताची खाचरं, कापणी होऊन खुंट राहिलेले. वर संत्र्याची झाडं. त्याहून वर झूमची जमीन, आलटून पालटून पिकणारी. मामांनी सवयीने विचारलं, “ये सातबारा किसके नाम पे है?” सातबारा काय ते समजावायला मला पाच मिनिटं लागली. मग आने हसली. कागद नाही. त्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत आमच्या कुळाचं, ओढ्यापलीकडे त्यांचं, आणि वरचं जंगल गावाचं. सगळ्यांना माहीत आहे, लिहायचं कशाला?

मामा मराठीत म्हणाले, “मग भरपाई कुणाला देणार?”

हे मात्र मला ठाऊक होतं. माझी आजी सांगायची. आमच्या जावळीतल्या गावी खाली थोडं भात, आणि वर उतारावर नाचणी, वरी. भाताच्या तुकड्याला कागद होता. उताराला कसला कागद? तिथे पिढ्यान्‌पिढ्या नुसतं पिकवत आलेले. मोजणीत भात आलं, नाचणी आलीच नाही. आणि खात होतो आम्ही नाचणी. ज्यांना सोलापूरकडे जमीन मिळाली त्यांत आजी. आयुष्यभर चार महिने पाऊस बघितलेली बाई, तिला तिथल्या उन्हात पहिल्या वर्षी ज्वारीची भाकरी थापता येईना. पीठ वेगळं, हात वेगळा. भाकरी मोडायची आणि ती रडायची. हे वडील सांगायचे, आजी नाही. आजी फक्त एवढंच म्हणायची, “तिकडं पाण्याला आवाज होता.”

बांधावर उभं राहून मी हे आनेला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “और अंकल क्या करता था?”

“अंकल उसी डैम का बिजली बनाता था.”

ती मामांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “एक ही घर में?” आणि भाच्याच्या घराकडे मान वळवून स्वतःशीच काहीतरी आदीत पुटपुटली.

दुपारी झुलत्या पुलावरून पलीकडे गेलो. तारा लोखंडी, पायाखाली बांबूच्या फळ्या, काही गायब. पूल चालण्याबरोबर हलतो, आणि दोन माणसं वेगवेगळ्या पावलांनी चालली तर वाकडातिकडा हलतो. सत्तरीचे मामा न थांबता गेले. मी मध्यावर खाली बघितलं, ही चूक. समोरून मिथून आला. गव्यासारखं अंग, पांढरे पाय, चेहऱ्यावर अत्यंत समजूतदार भाव. पुलाच्या टोकाशी येऊन तो थांबला आणि आमच्याकडे बघत राहिला. तो मागे वळेना, आम्हाला वळता येईना. शेवटी एका सात-आठ वर्षांच्या मुलीने येऊन त्याला कानाला धरून बाजूला केलं.

त्या रात्री भाच्याने मामांना गाठलं. “अंकल, आप तो डैम का आदमी है. सच बोलिए. चीन से पानी आएगा तो ये डैम रोकेगा कि नहीं?”

मामांनी बराच वेळ घेतला. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग मला म्हणाले, नीट सांग त्याला.

“पूर अडवायला धरण रिकामं लागतं. वीज करायला भरलेलं लागतं. पाण्याची उंची जितकी जास्त तितकी वीज जास्त. आम्ही तर जूनपासून डोळे लावून बसायचो, कधी भरतं म्हणून. भरलं की नारळ फोडायचो. रिकामं ठेवण्याचे पैसे कुणी देत नाही. दोन्ही करता येतं, नाही असं नाही, तेवढी जागा राखून ठेवायची. कागदावर राखतातही. पण ऑगस्टमध्ये वरून पाऊस, खालून विजेची मागणी, आणि दरवाज्याच्या बटणावर कुणाचा तरी हात, तेव्हा कागद लांब असतो. २०१९ ला आमच्याकडे सांगली बुडाली. दोष कुणाचा, तो वाद अजून चाललाय, त्यात मी पडत नाही. पण धरणं होती, आणि तरी सांगली बुडाली.”

भाच्याने विचारलं, आणि भूकंप? मामा म्हणाले, ११ डिसेंबर १९६७, पहाटे, कोयनानगर. धरणाचं पाणी भरल्यावर पाच-सहा वर्षांत. तोपर्यंत तो भाग फारसा भूकंपाचा म्हणून कुणी धरत नव्हतं. सियांगचं खोरं तर आधीच सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात. १५ ऑगस्ट १९५० चा ८.६ चा भूकंप याच डोंगरांतला. “म्हणूनच तर सर्वे हवा ना,” मामा पुन्हा म्हणाले. भाचा म्हणाला, “देखा आने?” आने म्हणाली, “भूचाल होता है, ये जानने को छेद चाहिए? हमको पूछ लेता.”

झोपायच्या आधी तिने मामांना विचारलं की तुमच्या नदीचं पाणी मशीन फिरवून झालं की जातं कुठे. मामांनी सांगितलं: नदी पूर्वेला कऱ्हाडकडे वाहते, पण वीज करायला पाणी डोंगरातून बोगद्याने उलटं पश्चिमेला नेतात, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. तिकडे दुसऱ्या नदीतून ते समुद्रात. आनेला हे खरंच वाटेना. तिने भाच्याकडून पुन्हा ऐकलं. नदी उलटी नेली?

“फिर नीचे वाला लोग कुछ नहीं बोला?”

मामा म्हणाले, “बोलते हैं. अभी तक बोलते हैं.”

सहावा दिवस: यिंगकियाँग

अप्पर सियांगचं जिल्ह्याचं ठिकाण. लहानसा बाजार, एटीएमसमोर रांग (रोख रक्कम पासीघाटहूनच आणा), शाळेच्या मैदानावर फुटबॉल. धरण झालं तर हे अख्खं गाव पाण्याखाली जाईल, असं आंदोलक सांगतात. मला ते डोळ्यांसमोर आणता येईना. मामांना येत होतं. हॉटेलच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी हात आडवा धरला आणि समोरच्या डोंगरावर पाण्याची रेषा ओढून दाखवली. मग आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते पाहिलं.

संध्याकाळी मी त्यांना किंथुपची गोष्ट सांगितली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच नदी आहे का, हे कुणाला नक्की माहीत नव्हतं. इंग्रजांच्या सर्व्हे खात्याने किंथुप नावाच्या सिक्कीमच्या अक्षरशत्रू माणसाला १८८० मध्ये तिबेटात धाडलं. बरोबरच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकलं. तो पळाला, एका मठात राहिला, आणि रजा घेऊन घेऊन काम पुरं करत राहिला. पाचशे ओंडके तोडले, खुणा केल्या, रोज पन्नास असे दहा दिवस नदीत सोडले. कोणत्या दिवशी सोडणार, हे सर्व्हेच्या साहेबाला पत्राने कळवलंही होतं. पत्र वेळेवर पोचलं नाही, साहेब तोवर निघून गेला होता. ओंडके या इथूनच, खालच्या पाण्यातून गेले असतील. काठावर कुणी बघत नव्हतं.

मामा बराच वेळ नदीकडे बघत बसले. “चार वर्षं घातली त्यानं,” म्हणाले. “आणि रीडिंग घ्यायला माणूस नाही.”

परतताना

यिंगकियाँग ते पासीघाट अख्खा दिवस लागला, यावेळी दरड नव्हती, टायर होता. परतीच्या विमानासाठी एक दिवस मोकळा ठेवा, या रस्त्यावर भरवसा नाही. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात या बाजूला फिरायला जाऊ नये. आनेने दिलेली वीस संत्री दिब्रुगडपर्यंत अकरा उरली.

विमानतळावर बसलो असताना मामांनी वही काढली. साखर लिहिली, १७६. मग पेन तसंच हातात धरून मला म्हणाले, “तुमचं गाव नक्की कुठल्या अंगाला होतं गं? तापोळ्याच्या वर की खाली?”

एकतीस वर्षं त्या पाण्यावर नोकरी, पस्तीस वर्षं आमच्या घराशी सोयरीक, आणि हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बामणोलीच्या पुढे. मेअखेर पाणी खूप उतरलं की देवळाचा चौथरा वर येतो. वडील एकदा जाऊन आले होते.

मामांनी ते लिहून घेतलं. “तिथे जायला काय आहे?”

“बामणोलीहून लाँच मिळते.”

“किती वेळ लागतो?”

मला माहीत नव्हतं. चुलतभावाला फोन लावला.